फाइल लॉकिंग : एका ‘रिग्रेशन’चा माग

मार्च २०२० मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजेच कर्नलमध्ये, एक छोटी दुरुस्ती करण्यात आली. मेमरीच्या हाताळणीतील एक धोकादायक चूक तिने दूर केली होती आणि तर्काच्या कसोटीवर ती बिनचूक होती. मात्र, थोड्याच दिवसांत कर्नलची अहोरात्र चाचणी घेणाऱ्या एका स्वयंचलित यंत्रणेने कळविले की, फाइलला लॉक लावण्या-काढण्याच्या एका चाचणीत प्रत्येक प्रोसेसमागे होणारे काम ९६.६ टक्क्यांनी घटले आहे. जेथे शंभर कामे होत होती, तेथे आता जेमतेम साडेतीन होत होती.

आधी सुरळीत चालणारी गोष्ट नव्या आवृत्तीत बिघडणे किंवा मंदावणे, याला संगणकाच्या परिभाषेत ‘रिग्रेशन’ म्हणतात. मराठीत त्याला पीछेहाट म्हणता येईल. पीछेहाट नेमकी कोणत्या बदलामुळे झाली, हे शोधण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. ती का झाली आणि पुढे काय करायचे, हे ठरविणे मात्र आजही माणसालाच करावे लागते. लिनक्सच्या या प्रकरणात तर पेचच होता. दुरुस्ती मागे घ्यावी तर जुना धोका परत येणार आणि ठेवावी तर वेग जाणार. या पेचातून वाट कशी निघाली, हे समजून घेण्यासाठी आधी फाइल लॉकिंगची थोडी ओळख करून घ्यावी लागेल.

फाइलला लॉक कशासाठी?

एखाद्या गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यालयात जमाखर्चाची एकच वही आहे आणि दोन कारकून एकाच वेळी तीत नोंद करू पाहत आहेत, अशी कल्पना करा. पहिल्याने शिल्लक वाचली, दुसऱ्यानेही तीच शिल्लक वाचली. पहिल्याने आपली रक्कम मिळवून नवी बेरीज लिहिली आणि दुसऱ्याने ती खोडून आपली बेरीज लिहिली. पहिल्याची रक्कम हिशेबातून नाहीशी झाली. संगणकात एकच फाइल दोन प्रोग्राम हाताळू लागले की, नेमके हेच घडू शकते. ते टाळण्यासाठी प्रोग्राम आधी कर्नलकडे त्या फाइलचे लॉक मागतो. ते मिळाल्यावर काम करतो आणि काम संपताच सोडून देतो. दरम्यान आलेल्या दुसऱ्या प्रोग्रामला रांगेत थांबावे लागते.

युनिक्सच्या परंपरेत यासाठी प्रामुख्याने दोन पद्धती आहेत. ‘एफलॉक’ ही पद्धत संपूर्ण फाइलला लॉक लावते. बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात तयार झालेल्या युनिक्सच्या ४.२ बीएसडी या १९८३ मधील आवृत्तीतून ती पुढे आली. दुसरी पद्धत ‘पॉझिक्स’ या मानकाने ठरवून दिलेली असून, तिच्यात फाइलच्या ठरावीक भागापुरतेही लॉक मागता येते. लिनक्समध्ये या दोन्ही उपलब्ध आहेत. दोन्ही पद्धती सल्लावजा आहेत. म्हणजे जो प्रोग्राम लॉक मागतच नाही, त्याला कर्नल अडवीत नाही. सर्वांनी शिस्त पाळली तरच तिचा उपयोग.

सामान्य वापरकर्त्याला या यंत्रणेचे दर्शन कधी होत नाही. पण तिच्यावाचून त्याचे चालतही नाही. मोबाइल फोनवरील असंख्य अ‍ॅप आपली माहिती ‘एसक्यूलाइट’ या डेटाबेसमध्ये ठेवतात आणि युनिक्स घराण्यातील यंत्रांवर हा डेटाबेस पॉझिक्स लॉकच्या आधारे काम करतो. अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्सचाच कर्नल आहे. कार्यालयांतील फाइल सर्व्हरवर अनेक जण एकाच वेळी काम करतात, तेव्हाही याच यंत्रणेवर भिस्त असते. म्हणूनच तिच्यातील चूक माहितीच्या मुळावर येऊ शकते आणि तिच्यातील दिरंगाई अनेकांचे काम एकदम अडवू शकते.

कुलुपांमागील कुलूप

कोणत्या फाइलचे लॉक कोणाकडे आहे आणि त्यासाठी कोण रांगेत उभे आहे, याच्या याद्या कर्नल मेमरीत ठेवतो. आजच्या संगणकात अनेक प्रोसेसर एकाच वेळी काम करीत असल्याने दोन प्रोसेसर एकाच क्षणी ही यादी बदलू लागले, तर यादीच विस्कटेल. त्यामुळे यादीच्या रक्षणासाठी कर्नलला स्वतःचे अंतर्गत कुलूप लागते. गोंधळ टळावा म्हणून या लेखात फाइलच्या संदर्भात ‘लॉक’ आणि कर्नलच्या या आतल्या व्यवस्थेसाठी ‘कुलूप’ हा शब्द वापरला आहे.

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी येथे लिनक्स लिहायला घेतले, तेव्हा ते एका प्रोसेसरच्या यंत्रासाठी होते. १९९६ मधील २.० या आवृत्तीत एकापेक्षा अधिक प्रोसेसरची सोय झाली. तीसाठी ‘बिग कर्नल लॉक’ हे एकच महाकुलूप आले. ज्या प्रोसेसरकडे हे कुलूप असेल, त्यानेच कर्नलच्या आत काम करायचे, असा तो साधा नियम होता. पुढे कर्नलचे एकेक खाते या महाकुलुपातून बाहेर काढून त्याला स्वतंत्र कुलूप देण्याचे काम वर्षानुवर्षे चालले. फाइल लॉकिंगचे खाते मात्र बराच काळ महाकुलुपाखालीच राहिले.

हे महाकुलूप किती संवेदनशील होते, याचा अनुभव मे २००८ मध्ये आला. २.६.२६ या आवृत्तीच्या तयारीत कर्नलमधील ‘सेमाफोर’ नावाची प्रतीक्षा-यंत्रणा नव्याने, अधिक सुटसुटीत लिहिण्यात आली. नव्या यंत्रणेत रांगेचा क्रम काटेकोरपणे पाळला जाई. ऐकायला हे न्याय्य वाटते. मात्र, ‘एआयएम ७’ या चाचणीत वेग सुमारे ४० टक्क्यांनी घसरला. कारण असे की, त्या वेळी महाकुलूप सेमाफोरवरच बेतलेले होते. जुन्या पद्धतीत जो प्रोसेस आधीच धावतो आहे, तो मोकळे झालेले कुलूप चटकन घेऊन काम उरकी. नव्या पद्धतीत कुलूप रांगेतील पहिल्याच्या नावे केले जाई आणि तो झोपलेला असल्याने त्याला उठवून कामाला लावेपर्यंत बाकीचे सारे खोळंबत. मधली एक मलमपट्टी फसल्यावर टोरवाल्ड्स यांनी महाकुलूप पुन्हा त्याच्या जुन्या, साध्या रूपात आणले. दोष नव्या यंत्रणेत नव्हता. ती ज्या महाकुलुपाखाली बसविली गेली, तेथे तिचा न्यायीपणा महाग पडला होता.

फाइल लॉकिंगची महाकुलुपातून सुटका २.६.३७ या आवृत्तीत झाली आणि २०११ मध्ये २.६.३९ या आवृत्तीत महाकुलूपच इतिहासजमा झाले. २०१३ मध्ये ३.११ या आवृत्तीसाठी जेफ लेटन यांनी पुढचे पाऊल टाकले. प्रत्येक फाइलच्या लॉकची यादी त्या फाइलच्याच कुलुपाने राखली जाऊ लागली. वेगवेगळ्या फाइलींवर काम करणाऱ्यांनी एकमेकांची वाट पाहण्याचे कारण उरले नाही. एक सामाईक कुलूप मात्र ठेवावे लागले. रांगेत कोण कोणासाठी थांबले आहे, ही नोंद सर्व फाइलींसाठी एकत्रच लागते. अन्यथा दोन प्रोसेस एकमेकांची वाट पाहत कायमचे अडकून बसल्याचे ओळखता येत नाही. २०२० मधील प्रकरणाचे मूळ याच सामाईक कुलुपापाशी आहे.

अर्धे-अर्धे करीत शोध

लिनक्सची नवी आवृत्ती साधारणतः नऊ-दहा आठवड्यांनी येते आणि प्रत्येक आवृत्तीत दहा हजारांहून अधिक बदल असतात. त्यांतील गुन्हेगार बदल शोधायचा कसा? टोरवाल्ड्स यांनीच २००५ मध्ये तयार केलेल्या ‘गिट’ या प्रणालीत यासाठी ‘बायसेक्ट’ नावाची सोय आहे. शब्दकोशात शब्द शोधताना आपण मधले पान उघडतो आणि शब्द पुढे असेल की मागे, हे पाहून निम्मा कोश बाजूला सारतो. तीच ही युक्ती. चांगली ठरलेली जुनी स्थिती आणि बिघडलेली नवी स्थिती सांगितली की, गिट बरोबर मधली स्थिती काढून देते. तिच्यापासून कर्नल तयार करायचा, यंत्र त्यावर चालू करायचे, चाचणी घ्यायची आणि ‘चांगली’ किंवा ‘वाईट’ असा निकाल द्यायचा. दर खेपेस संशयितांची संख्या निम्मी होते. एक हजार बदलांतून एक शोधायला सुमारे दहा चाचण्या पुरतात, तर सोळा हजारांतून शोधायला चौदा.

वेगाच्या तक्रारीत मात्र ही युक्ती जपून वापरावी लागते. यंत्र बंद पडले की चालले, याचा निकाल स्पष्ट असतो. वेग मात्र दर खेपेस थोडा कमी-जास्त भरतो. त्यामुळे प्रत्येक टप्प्यावर चाचणी अनेकदा घेऊन सरासरी काढावी लागते. यंत्र, कंपायलर आणि कर्नलची मांडणी यांत काडीचाही फरक चालत नाही. एका टप्प्यावर चुकीचा निकाल दिला गेला, तर पुढचा सारा शोध भलत्याच अर्ध्यात होतो आणि शेवटी निरपराध बदलावर बोट ठेवले जाते.

हे किचकट काम माणसांनी हाताने करीत बसण्याऐवजी इंटेल कंपनीची ‘कर्नल टेस्ट रोबोट’ ही यंत्रणा ते आपोआप करते. विकासकांचे बदल उचलून ती कर्नल तयार करते, निरनिराळ्या यंत्रांवर चाचण्या घेते, घसरण आढळल्यास स्वतःच बायसेक्ट करते आणि संबंधितांना ई-मेल पाठविते. मार्च २०२० मधील ९६.६ टक्क्यांच्या घसरणीची बातमी याच रोबोटने दिली. चाचणीचे नाव होते ‘विल इट स्केल’. एकच छोटे काम अनेक प्रोसेस एकदम करू लागले, तर यंत्राला ते पेलते का, हे ती पाहते.

शॉर्टकट आणि त्यातील फट

रोबोटने ज्या बदलावर बोट ठेवले, तो का झाला होता, हे पाहण्यासाठी एक वर्ष मागे जावे लागते. मार्च २०१९ मध्ये आलेल्या ५.० या आवृत्तीत नील ब्राउन यांनी लॉकची रांग नव्याने रचली. पूर्वी एखादे लॉक सुटले की, त्यासाठी थांबलेले सारे प्रोसेस एकदम जागे होत, लॉकवर तुटून पडत आणि एक सोडून बाकीचे पुन्हा झोपी जात. ब्राउन यांनी प्रतीक्षेतील मागण्यांची झाडासारखी रचना केली, जेणेकरून ज्यांना जागे करून उपयोग नाही, ते झोपलेलेच राहतील.

या रचनेत लॉकचे काम उरकणाऱ्या प्रत्येक मागणीने रांगेच्या नोंदीतून आपले नाव निघाल्याची खात्री करून मगच बाहेर पडायचे असते. त्यासाठी सामाईक कुलूप घ्यावे लागे. दर वेळी हा खर्च नको म्हणून एक शॉर्टकट ठेवण्यात आला. ‘मी कोणाच्या मागे उभा नाही आणि माझ्यामागेही कोणी उभे नाही’, या दोन गोष्टी कुलूप न घेताच तपासायच्या आणि दोन्ही खऱ्या असतील तर थेट निघून जायचे. बहुतेक मागण्यांना रांगेत थांबावेच लागत नसल्याने बहुतेकांना हा शॉर्टकट उपयोगी पडत होता.

त्यात एक बारीक फट राहिली होती. लॉक सुटल्यावर थांबलेल्याला उठविण्याचे काम दोन पायऱ्यांनी होई. प्रथम ‘हा अमुकाच्या मागे उभा आहे’ ही खूण पुसली जाई आणि मग त्याला हाक मारली जाई. या दोन पायऱ्यांच्या मधल्या अतिसूक्ष्म क्षणी तो प्रोसेस दुसऱ्याच कारणाने, उदाहरणार्थ एखाद्या सिग्नलमुळे, आधीच जागा झाला तर? त्याला खूण पुसलेली दिसे, शॉर्टकटने तो निघून जाई आणि त्याच्या मागणीने व्यापलेली मेमरी मोकळी होई. इकडे हाक मारणारा त्याच जुन्या जागी हाक मारी, जेथे आता कदाचित दुसऱ्याच कोणाची माहिती असेल. मोकळी झालेली मेमरी वापरण्याच्या या चुकीला ‘यूज आफ्टर फ्री’ म्हणतात. तिने यंत्र कोलमडू शकते आणि अशा चुकांचा गैरफायदा घेऊन यंत्राचा ताबा मिळविण्याचेही प्रयत्न होतात. ती क्वचित घडते म्हणून सोडून देण्याजोगी नसते.

एका विकासकाने ही फट हेरली आणि मार्च २०२० मध्ये शॉर्टकटच बंद करण्यात आला. आता प्रत्येकाने सामाईक कुलूप घेऊनच बाहेर पडायचे. उठविणाऱ्याच्या दोन्ही पायऱ्या त्याच कुलुपाखाली होत असल्याने मधल्या क्षणी निसटण्याची शक्यताच उरली नाही.

रांग कोठे लागली?

दुरुस्तीचे मोल रोबोटच्या आकड्याने दाखवून दिले. ज्या प्रोसेसना कोणाचीही वाट पाहायची नव्हती, जे आपापल्या लॉकचे काम क्षणात उरकत होते, तेही सारे निघताना एकाच दारापाशी येऊन थांबू लागले. काम वाढले होते ते नाममात्र. वाढली होती ती गर्दी. कुलुपाची स्थिती ज्या मेमरीत असते, तिची प्रत एका प्रोसेसरकडून दुसऱ्याकडे सतत न्यावी लागते. प्रोसेसर जितके जास्त, तितकी ही ओढाताण जास्त. दोन-चार प्रोसेसरच्या घरगुती संगणकावर जो फरक जाणवणारही नाही, तो मोठ्या यंत्रावर सुमारे २९ पट दिसू शकतो.

ही घसरण कृत्रिम चाचणीत मोजली गेली होती, हेही नोंदविले पाहिजे. प्रत्यक्ष व्यवहारात प्रोग्राम लॉक लावण्या-काढण्याखेरीज इतर कामेही करतात, त्यामुळे इतका फटका सहसा कोणाला बसला नसता. तरीही विकासकांनी ती दुर्लक्षिली नाही. वेगवेगळ्या फाइलींवरील कामे एकमेकांपासून मोकळी करण्यासाठी जे कष्ट घेतले गेले होते, ते या एका दुरुस्तीने मागे पडत होते. दुरुस्ती रद्द करणे हा सर्वांत सोपा उपाय होता. त्याने आकडा लगेच पूर्ववत झाला असता. पण फटही परत आली असती.

क्रम बदलला, प्रश्न सुटला

लेटन, ब्राउन, टोरवाल्ड्स आणि मूळ दुरुस्ती करणारा विकासक यांच्यातील चर्चेतून तिसरा मार्ग निघाला. शॉर्टकट मुळात चुकीचा नव्हता. चुकीचा होता तो उठविणाऱ्याच्या दोन पायऱ्यांचा क्रम. आधी हाक मारायची आणि खूण सर्वांत शेवटी पुसायची, असे ठरविले की फट बुजते. खूण पुसलेली दिसली याचा अर्थ मग एवढाच उरतो की, उठविणाऱ्याचे काम पूर्ण संपले असून तो या मागणीला पुन्हा हात लावणार नाही. त्यानंतर निघून जाण्यात धोका नाही.

क्रम बदलल्याने दोन नवे प्रश्न उभे राहिले. पहिला असा की, थांबलेला प्रोसेस तोवर हीच खूण पुसली जाण्याची वाट पाहत असे. आता हाक आधी आणि खूण नंतर म्हटल्यावर, हाकेने जागा झालेल्याला खूण तशीच दिसली असती आणि तो पुन्हा झोपला असता, कदाचित कायमचा. म्हणून जागे होण्याची अट बदलण्यात आली. रांगेच्या यादीतून आपले नाव निघाले आहे का, हे तो आता पाहतो. दुसरा प्रश्न प्रोसेसरच्या स्वभावाचा. वेग वाढविण्यासाठी आधुनिक प्रोसेसर आणि कंपायलर मेमरीतील वाचन-लेखनाचा क्रम परस्पर बदलतात. येथे तर सारी भिस्तच क्रमावर. त्यामुळे खूण पुसताना आणि वाचताना, आधीची कामे आधीच झालेली दिसतील अशी हमी देणाऱ्या ‘रिलीज’ व ‘अ‍ॅक्वायर’ या खास सूचना वापरण्यात आल्या.

टोरवाल्ड्स यांच्या नावाने नोंदविलेला हा बदल त्याच महिन्यात कर्नलमध्ये दाखल झाला. २९ मार्च २०२० रोजी ५.६ ही आवृत्ती प्रसिद्ध झाली, तेव्हा फट बुजलेली होती आणि शॉर्टकटही परत आलेला होता. चर्चेसाठी आणि दुरुस्तीसाठी लागलेला काळ महिन्याहूनही कमी होता.

२००८ आणि २०२० या दोन्ही प्रकरणांत रोग दाखविणारा आकडा यंत्राने दिला आणि तो कोणत्या बदलाबरोबर आला, हेही विभागणीच्या पद्धतीने कळले. तो बदल करणारा मात्र दोन्ही वेळा योग्य हेतूने आणि योग्य दिशेने काम करीत होता. बायसेक्ट हे पंचनाम्यासारखे असते. घटना कोठे घडली, हे ते अचूक सांगते. दोष कोणाचा, हा निवाडा त्याच्यावरून होत नाही. तो शोध २०२० मध्ये शेवटपर्यंत नेला गेला, म्हणूनच सुरक्षितता आणि वेग यांपैकी एकावर पाणी सोडण्याची पाळी आली नाही.

दृष्टिक्षेपात

१९८३ : ४.२ बीएसडी आवृत्तीतून ‘एफलॉक’ पद्धत पुढे आली
१९९६ : लिनक्स २.० मध्ये अनेक प्रोसेसरची सोय आणि महाकुलूप
२००५ : ‘गिट’ प्रणालीचा जन्म
२००८ : सेमाफोरच्या फेररचनेनंतर ‘एआयएम ७’ चाचणीत ४० टक्के घसरण
२०११ : महाकुलूप कर्नलमधून हद्दपार
२०१३ : प्रत्येक फाइलच्या लॉक-यादीला स्वतंत्र कुलूप
२०१९ : ५.० आवृत्तीत प्रतीक्षा-रांगेची नवी रचना
२०२० : दुरुस्तीनंतर ९६.६ टक्के घसरण, ५.६ आवृत्तीपूर्वीच अंतिम उपाय